वित्स्केबाई आणि आमचे सारंगराव

वित्स्केबाई पहिल्यांदा दारात आल्या तेव्हा मला वाटलं, पार्सलवाली आली. उंचच्या उंच बाई, आखूड कापलेले पांढरे केस, अंगात पावसाळी जाकीट आणि सायकलीच्या पुढच्या क्रेटमध्ये एक काळी बॅग. केसांतून पाणी निथळत होतं. मी पार्सल घ्यायला हात पुढे केला तशी दोन पावलं मागे सरकून त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मी मृदुलाची सुईण. केस ओले आहेत, माफ करा. आत्ताच नदीत पोहून आले."

मी चिंचवडच्या मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. समोरच्या माणसाला चटकन मार्क देऊन टाकायची सवय मला अजून सुटलेली नाही. बाईंना मी तिथल्या तिथे नापास केलं. माझी एकुलती एक मुलगी युरोपात बाळंत होणार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पांढऱ्या कोटातले चार डॉक्टर होते. आणि इथे उइटहॉर्न नावाच्या गावात एक बाई गार पाण्यात डुंबून सायकलवरून आलेली! मृदुलानं समजावलं, "आई, इथे सगळं नीट असलं की सुईणच सगळं बघते. काही अडलं तरच डॉक्टर. आणि आम्ही घरीच करायचं म्हणतोय."

"घरी? अगं, आपण पुढे आलोय की मागे गेलोय?" मी म्हणाले.

हे २०२०च्या मार्चमधलं. मी फेब्रुवारीत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि आल्याची वडी घेऊन आले होते. महिन्याभरात जगाला कुलूप लागलं. मृदुलाच्या घरावरून एरवी दर दोन मिनिटांनी विमान जायचं, बोलणंसुद्धा थांबवावं लागायचं. आता आकाश गप्प होतं. यजमान, म्हणजे दीनानाथ, तिकडे चिंचवडला एकटेच पोळ्या जाळत होते. त्याचं मला काही वाटत नव्हतं. मी ज्यासाठी आले होते ते हुकणार, याचं वाटत होतं. कारण वित्स्केबाईंनी त्याच दिवशी अंगणात उभं राहून नवा नियम सांगितला. बाळंतपणाच्या खोलीत बाळंतिणीबरोबर एकच माणूस. नवरा. आईनं खाली थांबायचं.

मला संताप आला. एवढा समुद्र ओलांडून आले ती काय स्वयंपाकघरात बसायला? आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आईच्या हाताखाली. जावयानं बारशाला कोट घालून यायचं, पेढे खायचे आणि बाळ कोणासारखं दिसतं यावर मत द्यायचं. त्यात सारंगराव! मुलगा सोन्यासारखा, वादच नाही. ऑफिसात पंधरा माणसं त्याच्या हाताखाली. पण घरात कुकरची शिट्टी झाली की मान वर करून विचारणार, "आई, गॅस बंद करायचा का?" असा माणूस माझ्या मुलीला कळा येत असताना काय करणार? त्या घटकेला ती एकटी पडेल ही एकच भीती माझ्या पोटात होती. झोपेतसुद्धा तीच.

मी वित्स्केबाईंना हे तोंडावर सांगितलं. कमरेवर हात ठेवून त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही काय केलं असतं तिच्यासाठी? खोलीत गेला असता तर?"

"पाठ चोळली असती. कंबर दाबून धरली असती. माझ्या आईनं माझी धरली होती तशी."

"मग त्याला शिकवा. तुम्हाला येतंय, त्याला आत जाता येतंय."

असे आमचे वर्ग सुरू झाले. दर आठवड्याला मागच्या अंगणात. बाई कुंपणापाशी दीड मीटर अंतर राखून खुर्ची टाकून बसायच्या, मृदुला बाकावर उलटी बसून बाकाच्या पाठीवर हात टेकायची आणि सारंगराव तिच्या मागे. पहिल्याच दिवशी बाई मला म्हणाल्या, "किती दाब द्यायचा ते असं सांगून कळणार नाही. त्याच्या हातावर तुमचा हात ठेवा."

आता जावयाच्या हातावर हात कसा ठेवायचा? मी त्यांना वाढताना आमटीची वाटी हातात न देता ताटाशेजारी ठेवणारी बाई. सारंगराव तर कानापर्यंत लाल. "आई, तुम्ही नुसतं सांगा, मी करतो ना," म्हणाले. बाईंना आमची अडचण कळलीच नाही, किंवा कळूनही त्यांनी न कळल्यासारखं केलं. त्या नुसत्या बघत राहिल्या. शेवटी मी डोळे मिटून त्यांच्या पंज्यावर पंजा ठेवला आणि सगळा भार टाकून दाबला. मृदुला "हां!" म्हणाली. मी आल्यापासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख बघितलं. सारंगराव चकित होऊन म्हणाले, "एवढं जोरात? मला वाटलं, हळुवार हवं." पुरुषांना सगळं हळुवारच हवं असतं असं वाटतं, त्याला काय करणार.

त्या वर्गांमधून मला बाई हळूहळू कळत गेल्या. उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतात, गाईंच्या गोठ्यात वाढलेल्या. वडील गाय व्यायली की तिच्याजवळून हलायचे नाहीत. तिच्याशी बोलायचे, पाठीवर गोणपाट टाकायचे. पण बायको बाळंत होताना मात्र दूध काढायला निघून जायचे. "गाईला त्यांनी जे दिलं ते माझ्या आईला मिळालं असतं, तर ती इतकी चिडकी झाली नसती," बाई अगदी सहज म्हणाल्या आणि चीजचा ब्रेड खायला लागल्या. त्यांच्या स्वतःच्या पहिल्या खेपेला नवरा, येल्ले त्याचं नाव, शेजारी बसून रेडिओवरची फुटबॉलची मॅच समजावून सांगत होता. बाईंचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून! बाईंनी त्याला चप्पल फेकून मारली. तो अजूनही आम्स्टेल नदीच्या काठी बोटी दुरुस्त करतो आणि अजूनही मॅच समजावून सांगतो.

मी एकदा खडसावूनच विचारलं, "नवऱ्यानं पाठ चोळून दुखणं खरंच कमी होतं का हो? की हे तुमच्याकडचं फॅड?"

त्यांना राग आला नाही. त्यांच्याच दवाखान्यात दोन मतं असल्याचं त्यांनी सांगितलं. तिथल्या तरुण सुईणीला वाटतं की बरेचसे नवरे मध्येमध्येच येतात, त्यांना कॉफी करायला पाठवावं. "काही खरंच बाहेर बरे. मीही पाठवलेत," बाई म्हणाल्या. "आणि सोबतीला नवराच हवा असंही नाही. गेल्या वर्षी एका जोडप्यात दोघी बायकाच होत्या, बाळंतिणीच्या जोडीदारणीसारखी कंबर मलाही धरता येत नाही. दुखणं कधी कमी होतं, कधी नाही होत. पण सोबत असली की बाई घाबरत नाही. आणि घाबरलेल्या बाईला जास्त दुखतं, हे मी रोज बघते."

सारंगरावांनी हे ऐकून मान डोलावली आणि उत्साहात मृदुलाला म्हणाले, "तू स्ट्राँग आहेस, तुला दुखणं थांबवायचं इंजेक्शन वगैरे लागणारच नाही." मलाही ते पटलं. आमच्या घराण्यात कोणी घेतलंय इंजेक्शन?

बाईंचा आवाज एकदम चढला. "हा शब्द इथे बंद. स्ट्राँग! किती दुखतंय ते तिनं ठरवायचं. तुझं काम तिला दुखणं सोसायला लावणं नाही. तू भिंत आहेस. ती टेकेल. भिंत सल्ले देत नाही." त्या माझ्याकडेही बघत होत्या. मी आकाशात एखादं विमान दिसतंय का ते पाहू लागले.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी कळा सुरू झाल्या. वरच्या खोलीतला पलंग लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेला होता. सुईणीची पाठ दुखू नये म्हणून इथे तशी पद्धतच आहे. त्यावर बसलेली मृदुला हळदीकुंकवाला मांडलेल्या गौरीसारखी दिसत होती. मला मी घरचीच असल्यामुळे बाई येईपर्यंत वर बसायला मिळालं. मग त्यांची छोटी गाडी दाराशी लागली आणि मी खाली आले.

आता जे सांगते ते आमच्यासारख्यांनाच सुचणार. आदल्या संध्याकाळी मी आणि सारंगरावांनी एक शक्कल लढवली होती. त्यांनी कानात ते छोटं बिनवायरचं इयरफोनचं बोंडूक घालायचं, केसांखाली झाकायचं आणि फोन चालू ठेवायचा. मी खालून स्वयंपाकघरातून सांगणार, ते वर करणार. नियमही मोडला नाही आणि आईही खोलीत! सारंगरावांना तर हायसंच वाटलं होतं. रोज दहा मीटिंगा तशाच करायचे ते.

अर्धा दिवस आमचं झकास चाललं. बाई मध्ये तपासून दुसऱ्या एका घरी जाऊन आल्या. मी ओट्याशी उभी राहून शिऱ्याचा रवा भाजत होते आणि हळू आवाजात हुकूम सोडत होते. "खाली घ्या हात. अजून खाली, माकडहाडावर. तळहात वापरा, बोटं नकोत. पाणी पाजा तिला. विचारा, तेल हवं का." मला वरचं सगळं ऐकू येत होतं, तिचं कण्हणं, श्वास. मी मनातल्या मनात तिच्याजवळच होते. रवा तेवढा करपला.

मग कळा वाढल्या. मृदुला काहीतरी म्हणाली, ते मला नीट लागलं नाही, कारण त्याच वेळी मी बोलत होते. ती पुन्हा म्हणाली. मी सारंगरावांना सांगत होते की तिला डाव्या कुशीवर वळवा. तिसऱ्यांदा ती ओरडलीच, "अरे, हात काढ म्हणतेय ना मी! नकोय मला आत्ता कोणी हात लावलेला! ऐकतोयस का तू?"

 मग बाईंचा आवाज, अगदी जवळून, जणू माझ्याच कानात. "हे काय आहे?"

फोन कट झाला. जिन्यावरून दणदण पावलं वाजली. इथले जिने इतके उभे की माणूस उतरताना अंगावर पडेल असं वाटतं. दारात वित्स्केबाई, तळहातावर ते पांढरं बोंडूक. शाळेत मुलींच्या दप्तरातून चिंचा जप्त करून मी अशीच उभी राहायचे. आता माझीच पाळी आली होती.

"तुमचं शिकवणं चांगलं होतं," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "पण अर्धा दिवस तो तुमचं ऐकतोय. मग तिचं कोण ऐकतंय?"

 आयुष्यभर दुसऱ्यांना निरुत्तर करणारी मी, हातात झारा घेऊन उभी. बाईंनी बोंडूक ओट्यावर माझ्यापुढे ठेवलं आणि वर गेल्या.

त्यानंतर मला काही कळेना. आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. रिकाम्या हातांनी बसणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि सारंगराव खाली आले. घामेजलेले, केस उभे, टी-शर्टच्या बाहीवर मृदुलाने मूठ आवळल्याच्या चुण्या.

"आई, बॅग द्या. आम्ही हॉस्पिटलला निघतोय. तिला पाठीतलं इंजेक्शन हवंय."

"अहो, पण इतकं झालंय की! थोडंच राहिलं असेल. तिला म्हणावं, अजून जरा—"

"नाही, आई." ते माझ्या बोलण्यात मध्ये पडले. लग्नानंतर पहिल्यांदाच. "तिनं दोनदा विचार करून सांगितलंय. मी तिला 'जरा थांब' म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका, प्लीज."

त्या आवाजात उर्मटपणा नव्हता आणि प्रश्नही नव्हता. मी बॅग दिली. खरं सांगायचं तर हातात देताना मी त्यांच्याकडे नव्याने बघितलं. कुकरची शिट्टी विचारणारा माणूस हा नव्हे.

मृदुला त्यांच्या खांद्यावर सगळी रेलून, एकेक पायरी बसत उतरली. माझ्याजवळून जाताना तिनं माझा गाल चाचपला, आणि दार लागलं. पुढे त्यांची गाडी, मागे वित्स्केबाईंची. हॉस्पिटलात तर मला पार्किंगमध्येसुद्धा परवानगी नव्हती.

घर एकदम रिकामं झालं. मी करपलेला रवा टाकून दिला आणि मागच्या अंगणात येऊन बसले. दीनानाथांना फोन लावला. त्यांनी उचलताच सल्ले सुरू केले. देवापुढे दिवा लाव, पाणी पी, काळजी करू नको, काळजी करून काय होणार. मी म्हणाले, "नंतर बोलते," आणि ठेवून दिला.

थोड्या वेळानं बाजूचं फाटक वाजलं. वित्स्केबाई! मला वाटलं, काहीतरी बिघडलं. मी उभीच राहिले.

"सगळं ठीक आहे. तिथल्या लोकांच्या ताब्यात देऊन आले. इंजेक्शन दिलं, आता ती गप्पा मारतेय," त्या म्हणाल्या. "माझी ड्यूटी संपली." आणि घरी जायचं सोडून त्यांनी कुंपणापाशी आपली नेहमीची खुर्ची ओढली.

"मग तुम्ही इथे कशा?"

"तुमच्याजवळ कोण आहे?" त्यांनी विचारलं.

मला रडू फुटलं. ढसाढसा, पदर तोंडाला लावून. दिवसभर कोणी मला हे विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. बाई उठल्या नाहीत, अंतर राखायचं होतं. "उगी" नाही म्हणाल्या, "होईल सगळं छान" नाही म्हणाल्या. थर्मासमधून कॉफी ओतली, कप मधल्या दगडावर ठेवला आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या. त्या काहीही करत नव्हत्या. आणि मला बरं वाटत होतं! मग मी पेटलेल्या माणसासारखी बोलत सुटले. मृदुलाच्या वेळी मी कशी ओरडले होते, आईनं कंबर कशी धरली होती, आणि दीनानाथ हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी कसे बसून होते. आत येऊ का असं विचारायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"कोणी त्यांना बोलावलं होतं का?" बाईंनी विचारलं.

नव्हतं बोलावलं.  मग त्याच म्हणाल्या, "आता बोलवा की. फोन आहे ना. फक्त त्यांना सांगा, सल्ले नकोत."

मी पुन्हा फोन लावला. "अहो, काही बोलू नका. फोन ठेवूही नका. नुसते असा," म्हणाले. दीनानाथ म्हणजे वर्तमानपत्र मोठ्यानं वाचल्याशिवाय चहा न पिणारा माणूस. पण ते गप्प राहिले. तिकडे रात्र झाली होती, पंख्याचा आवाज येत होता, मध्येच एकदा नाक ओढल्याचा. ते रडत होते की सर्दी होती, मी विचारलं नाही. इकडे ऊन अजून कुंपणावर होतं. आम्ही तिघं तसेच बसलो, एक चिंचवडला, दोघी उइटहॉर्नला. संसारात इतकी शांत संध्याकाळ आमच्या वाट्याला कधी आली नव्हती.

बऱ्याच वेळानं मृदुलाच्या फोनवरून कॉल आला. मी दीनानाथांचा फोन तसाच चालू बाकावर ठेवला, त्यांनाही ऐकू जावं म्हणून घरातला टॅब्लेट पुढ्यात घेतला आणि तो कॉल त्यावर उचलला. पडद्यावर आधी नुसतं छत दिसलं. मग एक लालबुंद, रागावलेला, मुठी आवळलेला चेहरा. मुलगी! चेहऱ्यावरचा राग थेट माझ्याकडचा, त्यात शंका नाही. "झाली हो, आजोबा झालात!" मी बाकावरच्या फोनकडे बघून ओरडले. वित्स्केबाई उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या, एवढ्या मोठ्यांदा की शेजारचे आजोबा खिडकीत आले आणि काय झालंय ते न विचारताच तेही वाजवायला लागले.

मृदुला पडद्यावर आली. थकलेली, पण डोळे इतके उजळ. "आई, खूप वेळ लागला, पण छान झालं गं. इंजेक्शन लागू व्हायच्या आधी दोनदा वाटलं, आता संपले मी. सारंगनं धरलं होतं. एक शब्द बोलला नाही. नुसता धरून होता."

"मी असायला हवी होते गं," माझ्या तोंडून गेलंच.

ती हसली. लहानपणी खोटं बोलता न आल्यावर हसायची तशी. "आई, रागवू नकोस हं. तू असतीस ना, तरी मी त्यालाच धरलं असतं."

लागलं. का खोटं बोलू, चांगलंच लागलं. आणि त्याच्या मागोमाग एकदम हलकं वाटलं. ज्या भीतीनं मला महिनाभर झोप नव्हती ती कुठे शोधूनही सापडेना. माझी मुलगी एकटी नव्हती. माझ्याशिवायही एकटी नव्हती.

"काय म्हणाली?" वित्स्केबाईंनी विचारलं. मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि दगडावरचा माझा कप न सांगता पुन्हा भरला.

बाकावरच्या फोनमधून दीनानाथांचा आवाज आला. इतका वेळ ते खरोखरच एक अक्षर बोलले नव्हते. "कुमुद, आता बोलू का मी?"

"बोला," मी म्हणाले. "आणि सावकाश बोला. मला कुठे जायचं नाहीये."